पॉइंट वगळून महाबळेश्वर: एका वारसा फेरीच्या प्रकल्प नोंदी

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आमच्या शाळेच्या तुकडीची सहल १३ डिसेंबरला महाबळेश्वरला ठरली. चाळीस माणसं, त्यातली निम्मी गुडघेदुखीवाली, शिवाय काहींची नातवंडं. मी वाईत राहतो. पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर, त्यामुळे नियोजन आपोआप माझ्या गळ्यात आलं. गटात एकाने लिहिलं, "पॉइंट सगळ्यांनी दहादा बघितलेत, या वेळी गाव दाखव." लिहिणाऱ्याला वाटलं असेल, दोन ओळींचं काम आहे.

ठरवलं ते असं: दोन तासांची फेरी, सहा थांबे, घडी घालून खिशात मावेल असा एका कागदाचा नकाशा. आयुष्यभर आरेखक म्हणून नकाशेच काढले, तेव्हा कागदाची भीती नाही. मजकुराची आहे. भाची पुण्यात वास्तुशास्त्र शिकते. तिला फोन केला तर म्हणाली, "मामा, मी येते, पण एका अटीवर. जे वाक्य तुला सिद्ध करता येणार नाही, ते नकाशावर जाणार नाही." अट मान्य केली. किती महागात पडणार होती ते तेव्हा कळलं नाही.

सुरुवात वेण्णा तलावापासून. खालून येणाऱ्याला गावाच्या आधी तलावच भेटतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी तलावावर. होड्या अजून बांधलेल्या, घोडेवाले शेकोटीला. पावसाळा नुकताच सरलाय, तलाव काठोकाठ.

भाचीने पहिल्याच तासात माझ्या कच्च्या मजकुराला कात्री लावली. मी लिहिलं होतं, "२८ एकरांचा, सात किलोमीटर परिघाचा निसर्गरम्य तलाव." हे दोन्ही आकडे सगळीकडे जोडीने छापलेले असतात, मीही तसेच उचलले. ती काठावर बसून वहीत आकडेमोड करू लागली. २८ एकर म्हणजे सुमारे १,१३,००० चौरस मीटर. तलाव बरोबर वर्तुळाकार असता तर परिघ सव्वा किलोमीटरच्या आतच राहिला असता. काठ वेडावाकडा आहे, म्हणून परिघ वाढतो, हे खरं. पण एवढ्याच क्षेत्रफळात सात किलोमीटर काठ हवा असेल तर तलाव साडेतीन किलोमीटर लांब आणि जेमतेम ३२ मीटर रुंद असायला हवा. म्हणजे तलाव नव्हे, पाट. समोरचा तलाव तसा नाही, हे बघायला मोजपट्टी लागत नाही.

दोन आकड्यांपैकी निदान एक चुकीचा. कुणीतरी कधीतरी लिहिला आणि पुढच्या प्रत्येकाने उतरवून घेतला. तीस वर्षं आरेखन करून हे माझ्या ध्यानात आलं नाही, याची जरा लाज वाटली. परिघ नकाशावरून गेला.

दुसरा शब्द गेला तो "निसर्गरम्य". रम्य आहे, पण निसर्गाने केलेला नाही. वेण्णेच्या उगमाकडचं पाणी बांध घालून अडवलंय. बांधाच्या बाजूला उभं राहिलं की एका अंगाला होड्या दिसतात आणि दुसऱ्या अंगाला उतारावरून पाणी पुढे निघालेलं. हेच पाणी लिंगमळ्याच्या धबधब्यावरून पडतं, मेढ्याकडे उतरतं, कण्हेर धरणात थांबतं आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळतं. होडीत बसणारा माणूस नदीच्या डोक्यावर बसलेला असतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

बांध कुणी घातला? मी ठोकून दिलं, "प्रतापसिंह महाराजांनी, १८४२." तिने सन वहीत लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या तोंडावर घरात फराळाची गडबड, म्हणून मी वाचनालयात पळ काढला. जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर पुन्हा काढलं. भाषा साहेबी, पण नोंदी नेटक्या. चार तास बसलो आणि प्रश्नचिन्ह बरोबर ठरलं.

१८४२ साली प्रतापसिंह साताऱ्यात नव्हतेच. १८३९ च्या सप्टेंबरात कंपनी सरकारने त्यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवलं आणि धाकट्या भावाला, शहाजी उर्फ आप्पासाहेबांना गादीवर बसवलं. वेण्णा तलाव आप्पासाहेबांचा. मी दोन भावांचा एक माणूस करून टाकला होता. चूक साधी दिसते, पण त्या एका चुकीत गावाचा सगळा इतिहास गडप होत होता. तो कसा, हे आज पहिल्यांदा सलग वाचून कळलं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर ठेवलं. राज्य छोटं, वर कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा तिचा प्रतिनिधी. महाबळेश्वरचा डोंगर साताऱ्याच्याच मुलखात. १८२४ मध्ये साताऱ्याला असलेला लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी इथे चढून आला, हवा आवडली, आणि त्याने ती बात मुंबईपर्यंत पोचवली. मग १८२६ च्या सुमारास रेसिडेंट ब्रिग्ज याने इथे घर बांधलं आणि साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता करायला महाराजांना राजी केलं. रस्ता झाला. १८२७ च्या अखेरीस सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्याला आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आणि स्वतःसाठीही थंड जागा हवीच होती. १८२९ मध्ये करार झाला: डोंगरावरची जागा कंपनीला, बदल्यात खंडाळा हे गाव महाराजांना. नव्या वस्तीला माल्कमचं नाव मिळालं. माल्कम पेठ.

(खंडाळा म्हटलं की सगळ्यांना लोणावळ्याशेजारचं आठवतं. ते नव्हे. हे आपलं सातारा जिल्ह्यातलं, घाटाखालचं, पुणे-सातारा रस्त्यावरचं. नकाशावर हे कंसात लिहायलाच हवं, नाहीतर पहिला प्रश्न हाच येणार.)

म्हणजे हिशेब असा: रस्ता महाराजांचा, जमीन महाराजांची, आणि तळं महाराजांच्या भावाचं. गावाला नाव मात्र माल्कमचं. जमीन दिल्याला दहा वर्षं झाली आणि देणाऱ्याचं राज्यच काढून घेतलं. तळं बांधल्याला सहा वर्षं झाली आणि बांधणारा वारला. त्याच्या मागे १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला. प्रतापसिंह त्याआधीच, १८४७ मध्ये, काशीतच वारले होते. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, पण हाती काही लागलं नाही.

"हेच आपलं सूत्र," मी भाचीला फोनवर म्हणालो. "दोन भाऊ आणि एक डोंगर."

"छान आहे," ती म्हणाली. "पण फक्त राजे आणि गव्हर्नर? रस्ता काय महाराजांनी स्वतः खोदला?"

८ नोव्हेंबर, शनिवार

क्षेत्र महाबळेश्वर. बाजारापासून सहा किलोमीटर आणि काही शतकं मागे.

माल्कमच्या गावाचं नाव मुळात या जागेचं. महाबळ आणि अतिबळ या दैत्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे, ती नकाशावर दोन ओळींत आटोपली. शिवाजी महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. जावळीचा हा सगळा मुलूख आधी मोऱ्यांचा, १६५६ मध्ये तो महाराजांनी घेतला. प्रतापगड इथून हाकेच्या अंतरावर. हे कुणालाही सांगावं लागत नाही, म्हणून इथे थोडक्यात.

माझा वेळ गेला तो पंचगंगेत. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री असे पाच प्रवाह, एकत्र येऊन गोमुखातून पडणारे. सरस्वती आणि भागीरथी अधूनमधूनच येतात, भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी, अशी श्रद्धा. डोंगरमाथ्यावर, तेही भर उन्हाळ्यात, पाणी येतं कुठून? हा प्रश्न मला लहानपणापासून आहे आणि देवळात विचारायची सोय नव्हती. ते देवाचं पाणी, बस.

भाचीने जमिनीकडे बोट दाखवलं. माथ्यावर जांभा. लाल, भोकाभोकांचा, स्पंजासारखा. त्याखाली चिकणमातीसारखा थर आणि त्याखाली काळा कातळ, बसाल्ट. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जांभ्यात मुरतो, खालच्या थराला अडतो आणि मग जिथे डोंगराच्या कुशीत तो सांधा उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. पठार म्हणजे वर ठेवलेली भिजलेली गोधडी, काठांतून ठिबकणारी. सह्याद्रीचा कडा तिथेच असल्यामुळे काही पाणी पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात जातं आणि सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्र गाठते. एका गोमुखातून पडलेल्या पाण्याला दोन समुद्र. कल्पना तरी तशीच आहे, आणि भूगोल तिला बराचसा दुजोरा देतो.

गुरवकाका आमचं बोलणं ऐकत होते. म्हणाले, "तुमचं खरं असेल हो. पण एवढा जांभा सगळीकडे आहे, पाणी इथंच का आलं ते सांगा." आम्ही दोघं गप्प. मग तेच हसले आणि तीर्थ दिलं.

तिथून कृष्णाबाईच्या देवळात. मुख्य देवळापासून थोडं बाजूला, गर्दीपासून दूर, म्हणून बहुतेक लोक चुकवतात. दगडी खांब, छताचे चिरे, शिवलिंग, समोर कुंड आणि गोमुखातून पडणारी बारीक धार. शेवाळाने सगळं हिरवं. समोर दरी उघडते आणि कृष्णेचं खोरं पायाशी दिसतं. यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकात कृष्णेच्या उगमाशी देऊळ आणि कुंड बांधल्याचं सांगतात. पण आज जे उभं आहे ते सगळं तेव्हाचंच का, यावर भाची ठाम होती की आपण बोलायचं नाही. "खांब बघ, छत बघ, आणि बाकी लोकांना स्वतः बघू दे." नकाशावर लिहिलं: "इथे दहा मिनिटं बोलू नका." सगळ्या मजकुरात मला हीच ओळ सर्वात आवडली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

गुडघ्यांचा विचार करता क्षेत्र आणि गाव एकाच फेरीत पायी जमणार नाही. क्षेत्राला बसने जायचं, फेरी गावातच. थांबे सहाचे पाच झाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज भांडण झालं, आणि कामाचं झालं.

नकाशावर नावं घालत होतो. माल्कम, एल्फिन्स्टन, कर्नाक, फॉकलंड, विल्सन: हे सगळे मुंबईचे गव्हर्नर. आर्थर (मॅलेट), बॅबिंग्टन, लॉडविक ही अधिकारी मंडळी. एका मोठ्या माणसाची मुलगी केट. नकाशा वाचताना मुंबई इलाख्याचं हजेरीपुस्तक उघडल्यासारखं वाटतं.

त्यात कर्नाकवर मी थांबलो. सर जेम्स रिव्हेट-कर्नाक, गव्हर्नर १८३९ ते १८४१. म्हणजे ज्याने प्रतापसिंहांना गादीवरून उतरवलं तोच. महाराजांनी दिलेल्या डोंगरावर महाराजांना उतरवणाऱ्याचं नाव. मुंबईत मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल नव्याने बांधून २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचं नाव सिंदूर पूल झालं, आणि त्या वेळी प्रतापसिंहांची हीच गोष्ट जाहीरपणे सांगितली गेली. इथल्या पॉइंटकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

"आपण नकाशावरून हे नाव काढून टाकू," मी म्हणालो.

"आणि काय लिहिशील?"

"काहीतरी मराठी."

"काहीतरी?" ती चिडली. "मामा, नाव पुसलंस तर गोष्टही पुसली जाते. कर्नाक लिही आणि खाली लिही त्याने काय केलं ते. आणि मराठी नावं हवीच असतील तर ती आधीच आहेत. शोध ना."

होती. विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळा. समुद्रसपाटीपासून १,४३८ मीटर, महाबळेश्वरातली सर्वात उंच जागा. लेस्ली विल्सन १९२३ मध्ये गव्हर्नर झाला, म्हणजे हे नाव फार तर शंभरेक वर्षांचं, सिंदोळा मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. आर्थर सीट म्हणजे मढीमहाल. केट्स पॉइंट म्हणजे नाकिंदा, आणि तिथल्या वाडीवरच्या एका आजोबांना विचारलं तर त्यांना केट कोण हे माहीतच नव्हतं. "आमचं गाव नाकिंदा. पॉइंट तुमचा."

टॅक्सीवाल्या दादांना सिंदोळा विचारलं तर ते म्हणाले, "हॉटेल आहे का?" दोष त्यांचा नाही. पाटीवर जे लिहिलं असतं तेच गिऱ्हाईक मागतं, आणि गिऱ्हाईक मागतं तेच पाटीवर लिहिलं जातं.

शेवटी ठरलं: नकाशावर दोन्ही नावं. जुनं ठळक, साहेबाचं त्याखाली बारीक अक्षरात. भाची म्हणाली, बारीक ठळक तुझी मर्जी, पण दोन्ही हवीत. आरेखक म्हणून ही एवढी लबाडी मी स्वतःला माफ केली.

लॉडविकचा खांब मात्र बघण्यासारखा आहे. त्याच्या मुलाने १८७४ मध्ये उभारला. या डोंगरांवर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय, असं त्यावर कोरलंय. "युरोपीय" हा शब्द कोरणाऱ्याने ठेवला हे चांगलं केलं, मधल्या काळात सांगणाऱ्यांनी तो गाळला आहे. "महाबळेश्वरचा शोध लॉडविकने लावला" हे वाक्य मी स्वतः मार्गदर्शकांच्या तोंडून ऐकलंय, दीड कोसावर घंटा वाजत असताना.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाचीचा तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. रस्ता कुणी खोदला?

साताऱ्याहून येणारा रस्ता कुणाच्या हातांनी झाला त्यांची नावं राहिली नाहीत. पण गावातल्या रस्त्यांबद्दल नोंद आहे, आणि ती चकित करणारी आहे. इथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता. मलाया-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी समुद्र ओलांडून या डोंगरावर आणले. त्यांच्याकडून रस्ते करून घेतले. बागा करून घेतल्या. बटाटा आणि विलायती भाज्या त्यांनी इथे पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला.

दक्षिणेकडे एक धबधबा आहे, चायनामन फॉल. लहानपणी मला वाटायचं, पाणी चिनी माणसाच्या मिशीसारखं पडत असेल म्हणून हे नाव. त्यांच्या बागा तिथे होत्या म्हणून ते नाव पडलं. गव्हर्नरांना कडे मिळाले आणि कैद्यांना एक धबधबा, तोही पावसाळ्यापुरता. पण त्या माणसांचं एवढं तरी नाव राहिलं. नकाशावर हा धबधबा फेरीच्या बाहेर पडतो, तरी बाणाने दाखवायचा.

त्यांच्याही आधीचे म्हणजे धावड. जांभ्यातलं लोखंड गाळणारे लोक. ज्या दगडामुळे झरे आहेत त्याच दगडात लोहखनिज, आणि भट्टीला कोळसा जंगलातला. पुढे जंगलावर सरकारी बंधनं आली आणि बाहेरून स्वस्त लोखंड येऊ लागलं, भट्ट्या थंड झाल्या. कोळी, धनगर, धावड हे या पठाराचे मूळ रहिवासी म्हणून गॅझेटियरात येतात, आणि येतात तेही परिच्छेदाच्या शेवटी, झाडं-पक्षी झाल्यावर.

भाचीला हे सगळं पाठवलं. तिचं उत्तर: अंगठा. तिच्याकडून ही मोठी शाबासकी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

छपाईचा कच्चा नमुना आला आणि माझं डोकं फिरलं. छापणाऱ्याने टंक बदलताना "आप्पासाहेब" दोन ठिकाणी नीट आणि तिसऱ्या ठिकाणी "आप्पासहेब". "माल्कम" चं एकदा "मालकम" झालं, जे ऐतिहासिकदृष्ट्या अगदीच चूक म्हणता येणार नाही, मालकीच घेतली होती त्याने. दुरुस्त्या करून परत पाठवला.

खरी चूक माझी निघाली. फ्रियर हॉल या गावातल्या जुन्या इमारतीच्या नावाखाली मी १८६४ आणि "गव्हर्नर बार्टल फ्रियर" एवढंच लिहिलं होतं. पण हाच फ्रियर आधी साताऱ्याला रेसिडेंट होता. १८४८ मध्ये आप्पासाहेब वारले तेव्हा दत्तकाला मान्यता द्यावी असं मत वरिष्ठांकडे मांडणारा अधिकारी हाच. ते कुणी ऐकलं नाही, राज्य गेलं, आणि मग खालसा झालेल्या त्याच मुलखाचा कारभारही त्यानेच पाहिला. चौदा-पंधरा वर्षांनी गव्हर्नर होऊन तो याच डोंगरावर उन्हाळे काढायला आला. दगडी इमारतीच्या पाटीमागे एवढं सगळं, आणि मी तिथे "गॉथिक शैली, कमानी सुंदर" लिहून मोकळा झालो होतो. कमानी जशा आहेत तशा लोकांना दिसतीलच. ती ओळ काढली, फ्रियरची गोष्ट घातली.

शब्द वाढले, नकाशा बारीक झाला. सहल मंडळींना चष्मे आणायला सांगावं लागेल.

१३ डिसेंबर, शनिवार

पहाटे थंडी कडक. वेण्णाकाठी दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात पेपरात येतात, आज गोठलं नव्हतं, पण हात खिशातून काढवत नव्हता. चाळीसपैकी चौतीस जण आले.

पहिला थांबा बांधाजवळ. मी दोन भावांची गोष्ट सुरू केली आणि दुसऱ्याच वाक्याला लक्षात आलं की वाऱ्यात माझा आवाज पुढच्या रांगेपलीकडे जात नाही. मागचे लोक घोड्यांकडे. मग एका मित्राची नात, असेल आठेक वर्षांची, हिला पुढे बोलावून तिच्या हातात नकाशा दिला आणि वाचायला सांगितलं. पोरीचा आवाज खणखणीत. "वेण्णा तलाव. बांधणारे: साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज, १८४२." मग तिने मान वर करून विचारलं, "कशाला बांधला? होड्यांसाठी?"

सगळे हसले. मी नाही हसलो, कारण तो नेमका प्रश्न होता. तलाव पाण्यासाठी, बागांसाठी बांधला. आजही हे पाणी महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नळांना जातं. सकाळी तुम्ही हॉटेलात ज्या पाण्याने दात घासलेत ते हेच, असं सांगितलं तेव्हा कुठे मंडळी तलावाकडे वळली. एवढा वेळ ते होड्या बघत होते, आता पाणी बघू लागले. तलावाच्या उपयोगाची ही ओळ नकाशावर नाही. कशी राहिली?

बाजारात चाल मंदावली. चपला, वेताच्या टोपल्या, फुटाणे. टोपल्यांच्या दुकानापाशी मी चिनी कैद्यांची गोष्ट सांगितली. दुकानदार आतून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. गोष्ट संपल्यावर म्हणाला, "आमच्या आजोबांच्या आधीपासून हे काम चालतं, पण कुठून आलं ते आज कळलं." मी घाईने म्हटलं की थेट तिथूनच आलं असं मला सांगता येणार नाही. भाची माझ्याकडे बघून हसली.

फ्रियर हॉलपाशी आमच्यातला एक, निवृत्त इतिहास शिक्षक, माझ्याशी वाद घालू लागला. आप्पासाहेब म्हणजे इंग्रजांनी बसवलेलं प्यादं, त्यांचं एवढं कौतुक कशाला? प्रतापसिंह निदान वाकले तरी नाहीत. वाद अर्धा तास चालला, थांबा पंधरा मिनिटांचा होता. मला वाटतं दोघंही आपापल्या परीने अडकलेले. एकाने करार मोडल्याचा आळ नाकारून गादी घालवली, दुसऱ्याने गादी घेतली आणि तिच्यावर बसून तळं बांधलं. आज गावाच्या घशाखाली जातं ते दुसऱ्याचं काम. शिक्षक म्हणाले, "हे म्हणजे तू पाणी पिऊन इतिहास ठरवतोस." उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

संध्याकाळी सिंदोळ्यावर. मी मुद्दाम टॅक्सीवाल्या दादांना जुनंच नाव सांगितलं. हे महिन्यापूर्वीचेच दादा निघाले. "हां, विल्सन," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "सिंदोळा. बरोबर ना?"

१४ डिसेंबर, रविवार

दुरुस्त्यांची यादी. पहिला थांबा वाऱ्याच्या आडोशाला हलवायचा. तलाव कशासाठी, ही ओळ सर्वात वर, भावांच्या आधी. फ्रियर हॉलला अर्धा तास धरायचा, वाद होणारच. टोपल्यांबद्दल "कदाचित" हा शब्द ठेवायचा. अक्षर दोन अंकांनी मोठं.

आणखी एक. काल निघताना त्या नातीने तिचा नकाशा मला परत दिला. बांधाच्या जागी तिने पेन्सिलने बाण काढून लिहिलं होतं: "इथून नदी सुरू." तिने काढलेला बाण होडीच्या धक्क्याकडे तोंड करून होता, पाण्याच्या उलट दिशेने. दिशा बदलून तो तसाच, तिच्या अक्षरासकट, दुसऱ्या आवृत्तीत घ्यायचा आहे. उद्या आरेखन फलकावर बसतो.